आई-बाबांना हानजोंगशिक जेवायला न्यायचंय. कुठे, कसं, आणि आईचं काय?

सुवॉनकर | १९ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं कोरियात, सुवॉनला आहे. आई-बाबा पहिल्यांदाच येतायत, चार आठवड्यांसाठी. बाबांना या मे महिन्यात एकोणसत्तर पूर्ण होतील. ऑफिसात सहज बोललो, तर आमचा टीमलीड एकदम म्हणाला, "म्हणजे चिलसुन!" चिलसुन म्हणजे सत्तरी. मी म्हटलं, अहो एकोणसत्तर. तो म्हणाला, तेच, आमच्या मोजणीने सत्तर. इथे जन्मलेलं मूल पहिल्या दिवशीच एक वर्षाचं धरायचे. जून २०२३ पासून सरकारी कामात ती मोजणी बंद झाली, पण घरगुती समारंभ बरेचदा जुन्याच हिशोबाने चालतात. मला हसू आलं, कारण बाबाही फोनवर सगळ्यांना हेच सांगत असतात, "मला आता सत्तरावं लागतंय."

तर त्याचं म्हणणं, अशा वेळी आई-वडिलांना हानजोंगशिक खाऊ घालायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भात, सूप, किमची आणि भोवती पंधरा-वीस-पंचवीस लहान-लहान बशा, असं साग्रसंगीत कोरियन जेवण. हल्ली हॉटेलांत ते बरेचदा टप्प्याटप्प्याने येतं. आधी पेज, मग गार पदार्थ, मग तळलेलं-भाजलेलं, शेवटी भात आणि आमटी, वर गोड पेय. मी स्वतः दोनदा खाल्लंय, दोन्ही वेळा ऑफिसच्या पैशाने.

अडचण अशी. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा मासे खातात, पण आईसमोर बेतानेच. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मांडी घालून बसणं बंद. आणि दोघांनाही "कशाला एवढा खर्च" हा जुनाट आजार आहे. कुणी असं नेलंय का? सोलमध्येच बघू की जोंजूला जाऊ?

---

रेवती७ | २० एप्रिल, सकाळी ७:१५

अकरा वर्षं सोलमध्ये, दोन्हीकडच्या आई-वडिलांना नेऊन झालंय, त्यामुळे थोडा अधिकार आहे असं समजते.

पहिली गोष्ट, ८ मे टाळा. त्या दिवशी इथे ओबोइनाल असतो, आई-वडिलांचा दिवस. १९५६ साली मातृदिन म्हणून सुरू झाला, १९७३ पासून वडिलांनाही त्यात घेतलं. सगळा देश कोटाला कार्नेशनचं फूल लावलेल्या आई-बाबांना घेऊन जेवायला बाहेर पडतो आणि सगळ्यांच्या डोक्यात हानजोंगशिकच असतं. त्याच्या अलीकडचा-पलीकडचा शनिवार-रविवारही तसाच. मधल्या वारी, दुपारी न्या. दुपारचं जेवण संध्याकाळच्या निम्म्या दरात पडतं आणि पदार्थ दोन-तीनच कमी असतात.

दुसरं, फोनवर बुक करताना "खुर्ची-टेबल आहे का" हे नक्की विचारा. जुन्या हानोकमधल्या, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांतल्या, खोल्यांत जमिनीवर बसायचं असतं. ओंडोलची ऊबदार जमीन वगैरे छान आहे हो, पण माझे सासरे एकदा बसले ते उठवायला दोन माणसं लागली. हल्ली बऱ्याच ठिकाणी खोली जुनी ठेवून आत टेबल-खुर्च्या टाकल्यात. कोरियन म्हाताऱ्यांचेही गुडघे दुखतात!

तिसरं, खोली मागा. बहुतेक ठिकाणी बंद खोल्या असतात, कारण इथली लग्नाची बोलणी, म्हणजे दोन्हीकडचे आई-वडील पहिल्यांदा भेटतात ती बैठक, याच हॉटेलांत होते. शेजारच्या खोलीत कुणाची तरी सोयरीक जुळत असते. आईंना सांगा, त्यांना फार आवडेल.

आणि एका टेबलावर सगळ्यांना एकच कोर्स घ्यावा लागतो. "एक शाकाहारी, तीन मांसाहारी" हे इथे चालत नाही. त्यामुळे आधी आईंचं ठरवा, मग बाकीचं.

---

मालवणी_मसाला | २० एप्रिल, सकाळी ९:०२

जोंजूच्या बाजूला, म्हणजे जोल्ला प्रांतात नेणार असाल तर एक गोष्ट ऐका.

तिकडे काही ठिकाणी पदार्थ एकेक करून येत नाहीत, आख्खं टेबल मांडूनच आत येतं. दोन माणसं दोन्ही बाजूंनी धरून रिकाम्या खोलीत आणून ठेवतात. बघण्यासारखं असतं. माझ्या सासऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टेबलावर मधोमध एक बशी, त्यात गुलाबी कापं, शेजारी उकडलेलं डुकराचं मांस आणि जुनी किमची. मासाच दिसतोय म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सासऱ्यांना म्हटलं, "घ्या अण्णा, आपलंच आहे."

ते होंगो होतं. पाकटाच्या जातीचा मासा, आंबवलेला. या जातीच्या अंगात युरिया असतो, आंबवला की त्याचा अमोनिया होतो. मी सुकटाच्या वासात वाढलेला माणूस आहे, आमच्या अंगणात बांगडे वाळायचे. पण तो घास तोंडात गेला आणि नाकातून वीज गेली. अण्णा काहीच बोलले नाहीत. डोळ्यांतून पाणी. मग रुमाल काढला, सावकाश तोंड पुसलं आणि म्हणाले, "जावईबापू, एसटी स्टँड."

त्या प्रदेशात याच्याशिवाय लग्नाचं जेवण पुरं होत नाही म्हणतात. मान्य. पण आधी विचारून घ्या.

---

टोमणेश्वर | २० एप्रिल, दुपारी १:३०

आईवडील महिनाभर येणार, त्यातल्या एका दिवशी पंचवीस बशा आणि फोटो. उरलेले सत्तावीस दिवस बहुतेक पिझ्झा. त्यापेक्षा मुलाने स्वतःच्या हाताने पिठलं-भात करून वाढला तर जास्त बरं वाटेल त्यांना. ही सगळी मिरवायची हौस.

---

सुवॉनकर | २० एप्रिल, दुपारी २:१०

@टोमणेश्वर, माझं पिठलं तुम्ही खाल्लेलं नाही म्हणून असं म्हणताय. हघ्या (हलके घ्या).

@रेवती७, एकच कोर्स हे माहीतच नव्हतं, खूप आभार. मग आईचा प्रश्न जास्तच अवघड झाला की.

---

जुनी_वही | २० एप्रिल, रात्री ८:२५

थोडा इतिहास, कारण हॉटेलवाले सरसकट "राजदरबारी जेवण" असं लिहितात आणि आपण माना डोलावतो.

जोसोन राजघराण्याच्या काळात ताटाची प्रत बशांच्या संख्येवर ठरायची. तीन, पाच, सात, नऊ आणि बारा. बारा फक्त राजाला. गंमत म्हणजे भात, सूप, किमची, डिपिंगचे सॉस आणि रसदार कालवण यांना त्या मोजणीत धरतच नाहीत. म्हणजे आपण जसं "डाव्या बाजूचं" वेगळं धरतो, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, तसं काहीसं. शिवाय उमरावांच्या घरी प्रत्येकाला वेगळं छोटं टेबल असे. आपले पाट-चौरंग आठवा. सगळ्यांनी एका लांब टेबलाभोवती बसून वीस बशा वाटून खायच्या, हे हॉटेलातलं रूप विसाव्या शतकातलं. राजवाडा मोडकळीला आला, तिथल्या स्वयंपाकाची माहिती असलेली माणसं बाहेर आली आणि सोलमध्ये बड्या लोकांसाठी जेवणघरं निघाली, तिथून ही परंपरा.

खरी दरबारी पाककला वेगळी जपली गेली. राजवाड्यातल्या शेवटच्या स्वयंपाकीण-दासींपैकी हान ही-सुन यांच्याकडून ती पुढच्या पिढीने शिकून घेतली आणि १९७१ मध्ये सरकारने तिला अमूर्त वारशाचा दर्जा दिला, क्रमांक ३८.

अवांतर: २०१६ साली लाचलुचपतीविरुद्ध कायदा आला आणि सरकारी नोकर, पत्रकार, शिक्षक यांना कुणी जेवू घालायचं तर माणशी ३० हजार वॉनची मर्यादा पडली. साहेबलोकांच्या जिवावर चालणाऱ्या हानजोंगशिकवाल्यांचं धाबं दणाणलं. बरोब्बर ३० हजारांच्या आतल्या थाळ्या निघाल्या. २०२४ मध्ये मर्यादा ५० हजार झाली. तेव्हा परवडणाऱ्या दुपारच्या थाळ्यांबद्दल थोडे आभार त्या कायद्याचेही माना.

---

रेवती७ | २० एप्रिल, रात्री ९:५०

@जुनी_वही, वाखूसा (वाचनखूण साठवली)!

@सुवॉनकर, आईंसाठी सरळ मठातल्या पद्धतीचं जेवण देणारं ठिकाण बघा. साच्हाल उमशिक म्हणतात, साच्हाल म्हणजे बौद्ध मंदिर. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर बालू गोंग्यांग आहे, ते भिक्षूंचा जोग्ये संघच चालवतो. मिशेलिनचा एक तारा होता त्यांना काही वर्षं. इनसादोंगच्या गल्ल्यांतही अशी जागा आहे. मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही.

साध्या हानजोंगशिकमध्ये "गोगी नको" म्हटलंत तरी उपयोग नसतो. गोगी म्हणजे त्यांच्या लेखी जनावराचं मांस. मासा त्यात बसत नाही, आणि सूपमधलं सुक्या मासोळीचं पाणी तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. किमचीत कोळंबीचं खारवण. भाज्यांचे चपटे तळलेले तुकडे येतात ना, जोन, ते अंड्यात बुडवलेले. अगदीच वेळ आली तर हे वाक्य पाठ करा:

"गोगी, सेंगसन, हेमुल, ग्येरान, जोतगाल, म्योलची युक्सू, मोदू आन मोगोयो."

मांस, मासे, समुद्रातलं काहीही, अंडं, खारवलेलं, मासोळीचं पाणी, यातलं काहीच खात नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर "मग जगता कशावर" असा भाव येतो, तो सोसा.

---

चातुर्मास | २१ एप्रिल, सकाळी ६:४०

कांदा-लसूण नाही म्हणजे आमच्यासारखंच की! त्यांचाही चातुर्मास असतो का?

---

रेवती७ | २१ एप्रिल, सकाळी ७:२०

त्यांचा बारमास! भिक्षूंना पाच उग्र गोष्टी वर्ज्य: लसूण, कांद्याची पात, दोन प्रकारच्या पातीसारख्या भाज्या, आणि पाचवी हुंगगो. मला कित्येक वर्षं ही हुंगगो काय भानगड आहे कळेना, कारण कोरियात ती उगवतच नाही. इथल्या बायकांना विचारलं तर त्यांनीही कधी पाहिलेली नाही. मग एकदा एका भिक्षुणीने सांगितलं, तुमच्याच देशातून नाव आलंय.

हिंगू. हिंग!

म्हणजे आपण कांदा-लसूण सोडून ज्याच्यावर भागवतो, नेमकं तेच त्यांनी सोडलंय. घरी येऊन माझ्या डब्याकडे बघितलं आणि जरा अपराधी वाटलं.

---

आजी_ऑनलाइन | २१ एप्रिल, दुपारी ४:००

मी मुलाकडे तीनदा परदेशी जाऊन आले आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते.

जेवायला वेळेवर न्या. तुम्ही मुलं दोन वाजताचं बुकिंग करता आणि तोपर्यंत आम्ही "भूक नाही रे" म्हणत खिडकीबाहेर बघत बसतो. साडेअकरा-बारा. बाबांची जेवणाआधीची गोळी असेल तर ती कुणाच्या पर्समध्ये आहे ते आधी बघा.

प्रत्येक पदार्थ आला की त्याची माहिती सांगू नका. आम्हाला ऐकावं लागतं आणि अन्न निवतं. विचारलं तर सांगा.

किंमत सांगू नका. कळली तर कमी करून सांगू नका, आम्हाला कळतं.

आणि तुमच्या आईच्या पर्समध्ये चटणीची बाटली असणार. मी पैज लावते. ती काढली तर रागावू नका.

---

डबलबेल | २१ एप्रिल, संध्याकाळी ६:११

आजी, +१००. शेवटच्या ओळीला वेगळे +१००.

---

सुवॉनकर | २२ एप्रिल, रात्री १२:०५

सगळ्यांचे आभार. जोंजू रद्द. गाडीने पावणेदोन तास हा प्रश्न नाही, मालवणी_मसाला यांचे अण्णा डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सोलमध्येच एक हानोक सापडलंय, शाकाहारी कोर्स, टेबल-खुर्ची, खोली. मंगळवारी, साडेअकराला. जाऊन आलो की लिहितो.

---

सुवॉनकर | १३ मे, रात्री १०:३०

जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, आधीच माफी.

दारात बूट काढायचे होते. खुर्च्या आहेत म्हणून मी निर्धास्त होतो, बुटांचं डोक्यातच आलं नाही. बाबांचे लेसचे बूट, वाकता येईना. मी खाली बसून सोडले. बूट निघाला आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर. आईने अशी नजर टाकली की कराडहून इथवर आलेलं सगळं विमानभाडं वाया गेलं. वाढणाऱ्या बाईंनी काही न बोलता कापडी सपाता पुढे केल्या. साठीच्या असतील. इथे हॉटेलात वाढणाऱ्या बाईंना "इमो" म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. आईला सांगितलं, तशी ती म्हणाली, "मग सरळ मावशीच म्हणते की." आणि शेवटपर्यंत मावशीच म्हणाली. त्यांनीही ओ दिली.

बाबा बँकेत कॅशियर होते. विमानतळावर पैसे बदलतानाच त्यांनी दर पाठ केला होता, एका वॉनला सहा पैसे. मेन्यू माझ्या हातातून घेतला, ३८,००० वाचलं आणि डोळे मिटून म्हणाले, "बावीसशे ऐंशी. गुणिले चार." आजी, तुमचा सल्ला तिथेच संपला.

मग सगळे गप्प. भोपळ्याची पेज आली. लाल भोपळाच, तांदळाच्या पिठाने दाट केलेली, किंचित गोड. वाटी समोर, वाफ येतेय आणि कुणीच हात लावेना. मावशी दाराशी ताटकळलेल्या. काय बिनसलं मला कळेना. मग लक्षात आलं. बायको आणि मी कोरियन सवयीने थांबलो होतो, घरातल्या मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय सुरू करायचं नाही. बाबा आईसाठी थांबले होते. आई सगळ्यांना वाढून व्हायची वाट बघत होती, आणि तिच्या हिशोबाने वाढून झालंच नव्हतं, भात कुठाय? मी म्हटलं, "बाबा, तुम्ही उचला, नाहीतर संध्याकाळ होईल." बाबांनी हात जोडले, डोळे मिटून श्लोक म्हटला, तोही खणखणीत आवाजात. शेजारच्या खोलीतली कुजबुज थांबली. मावशींनी मान खाली घातली. मठांतही जेवणाआधी पाच ओळींचं चिंतन म्हणतात, हे अन्न कुठून आलं, आपली ते खायची लायकी आहे का, असं. त्यांना बहुधा तेच वाटलं.

मग एकेक यायला लागलं. मशरूम तळून गोड-तिखट सॉसमध्ये घोळवलेले, बाबांनी एकट्याने संपवले. ओकच्या फळांची जेली, चॉपस्टिकमधून निसटणारी. ती कुणालाच आवडली नाही, मलाही नाही, खोटं कशाला बोलू. कमळकाकडी, नेच्याचे कोंब, तिळाच्या तेलातल्या तीन-चार पालेभाज्या. आई सगळं नीट चाखत होती, पण परीक्षकासारखी. "छान आहे." हे "छान आहे" मी ओळखतो. दूरच्या नात्यातल्या लग्नातलं.

मग एका टोपलीत कुरकुरीत चकत्या आल्या. समुद्री शैवालाच्या आणि कसल्याशा पानांच्या. आईने एक उचलली, उजेडाकडे धरली, उलटी केली. पानाच्या एका बाजूला पांढरट, फुललेला थर. तिने नखाने तो थोडा खरवडला.

"हे तांदळाच्या पिठाचं आहे."

मी म्हटलं, हो, चिकट तांदळाची खळ लावून.

"लावून वाळवलंय. उन्हात. मग तळलंय." विचारत नव्हती, सांगत होती. "अहो, हे वाळवण आहे!" मग मला म्हणाली, "विचार तिला, किती ऊन देतात."

मी विचारलं. मावशींनी हाताने पानावर खळ फासून दाखवली, मग एक बोट, दोन बोटं, आकाशाकडे हात, आणि पाऊस आला तर काय होतं ते दाखवताना कपाळावर हात मारला. आईने पण मारला. दोघी एकदम. इथून पुढे माझं भाषांतराचं काम बरंचसं संपलं.

पुढचा विषय वाट्यांचा. जड, पिवळसर, आतून मऊ चमक असलेल्या. आईने चमच्याने हलकेच वाजवली. आवाज बराच वेळ घुमला. "कासं," ती म्हणाली. मी फोनवर बघितलं. इथे यूगी म्हणतात, आनसोंग गावची प्रसिद्ध. ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. आपल्या काशाचंही प्रमाण तेच. एखादी गोष्ट अगदी बेतून केल्यासारखी जमली की कोरियन माणूस "आनसोंगमात्चुम" म्हणतो, आनसोंगच्या कारागिराकडून मापाने घडवून घेतल्यासारखी. मी हे मोठ्या हौसेने सांगत होतो, आणि आई वाटीचा बुडखा तळहातावर गोल फिरवत होती. म्हणाली, "यांच्या तळपायाला घासायला काय सुरेख होईल रे." बाबांनी लाजून पाय खुर्चीखाली घेतले. अंगठ्यासकट.

शेवटी भात. प्रत्येकाला वेगळं दगडी भांडं, वर लाकडी झाकण. मावशींनी भात वाडग्यात काढला, तळाला चिकटलेला मुद्दाम तसाच ठेवला, किटलीतून गरम पाणी ओतलं आणि झाकण लावलं. "हे नंतर," अशी खूण. सोबत सोयाबीनच्या द्वेनजांगची आमटी. कांदा-लसूण नसून चव होती, असं आईने नोंदवलं.

जेवण होत आल्यावर तिने झाकण उघडलं. खरपूस वास. तांबूस पाणी, त्यात फुगलेली शितं, तळाला अजून चिकटलेला पापुद्रा. आई चमच्याच्या कडेने तो खरवडायला लागली. तो आवाज तुम्हाला माहीत असेल, पातेल्यावर उलथनं घासल्याचा. आमच्या घरी तो आवाज आला की समजायचं, सगळ्यांची जेवणं झाली, आई आता बसली. तिच्या वाट्याला कायम तीच यायची, खरवड. लहानपणी मला वाटायचं, तिला आवडते.

तिने पाण्यासकट सगळी संपवली. मग म्हणाली, "ही पैसे देऊन खातात इथे?"

बाबा म्हणाले, "बावीसशे ऐंशी." आणि त्यांचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

बिलाचं सांगायचं राहिलं. मी हात धुवायच्या निमित्ताने काउंटरवर गेलो तर बाबा माझ्या आधी तिथे उभे, पाकीट उघडून. त्यांना चारही बोटांनी पैसे पुढे करताना बघून मावशी मान हलवत होत्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणत होत्या, "आदनिम, आदनिम." बाबांनी विचारलं, काय म्हणतायत? आदुल म्हणजे मुलगा, आदनिम हे त्याचं आदरार्थी. मी म्हटलं, "म्हणतायत, चिरंजीव देतील." बाबांनी पाकीट मिटलं. मग काहीतरी द्यायलाच हवं म्हणून त्यांनी दहा हजारांची नोट मावशींच्या हातात ठेवायचा प्रयत्न केला. इथे टिप घेत नाहीत, त्यांनी ती दोन्ही हातांनी परत केली. बाबांनी परत दिली. त्यांनी परत केली. हे चारदा झालं. शेवटी आईने पर्स उघडली.

आजी, पैज तुम्ही जिंकलात. चटणीची बाटली होती. जवसाची. जेवताना काढली नव्हती, ती तिने तिथे काढली आणि मावशींच्या हातात दिली. मावशींनी झाकण उघडून वास घेतला. मी घाईघाईने सांगितलं की त्यात लसूण आहे. त्या म्हणाल्या, "मी काय भिक्षुणी आहे?"

---

आजी_ऑनलाइन | १४ मे, सकाळी ५:५०

वाचलं. खरवडीबद्दल काही लिहीत नाही.

जवसाच्या चटणीत लसूण घालून ती महिनाभर टिकते का?

---

सुवॉनकर | १४ मे, सकाळी ८:००

आई सांगतेय, लसूण आधी तळून घ्यायचा, कुरकुरीत.

---

टोमणेश्वर | १४ मे, सकाळी ११:२०

बरं लिहिलंय. पिठल्याचं काय झालं?

---

सुवॉनकर | १४ मे, सकाळी ११:३२

केलं. गुठळ्या झाल्या. बाबा म्हणाले, "छान आहे."

---

जुनी_वही | १४ मे, रात्री ९:१०

अवांतर: मठांत जेवणाच्या शेवटी भिक्षू आपलं पात्र पाण्याने धुऊन ते पाणी पितात, एक शीतही वाया घालवत नाहीत. आमचे आजोबा ताटात पाणी घालून तसंच प्यायचे आणि आम्ही नातवंडं तोंडं वाकडी करायचो. आणि हो, पुढच्या खेपेला बाबांचं साठ संवत्सरांचं चक्र कधी पुरं झालं ते टीमलीडला सांगा. कोरियातही साठीचं महत्त्व त्याचसाठी, वर्षांची साठ नावं संपून पुन्हा जन्मवर्षाचं नाव येतं.

---

नवखी_बुसानकर | १६ मे, दुपारी ३:४५

माझे आई-बाबा ऑक्टोबरमध्ये येतायत, दोघेही शाकाहारी. धागा छापून ठेवलाय. रेवतीताई, ते वाक्य पाठ केलं. सुवॉनकर, जाण्याआधी अजून काही लक्षात ठेवायचं?

---

सुवॉनकर | १६ मे, संध्याकाळी ७:०५

बिनलेसचे बूट. आणि मोजे नवे घ्या, दोन जोड.